पेंटबॉल खेळताना अ‍ॅक्शन कॅमेरा कुठे लावायचा: आमच्या फ्रंट प्लेयरचं पूर्ण प्रकरण

आमच्या टीममधला एक फ्रंट प्लेयर (सगळ्यात पुढे जाऊन खेळणारा) आहे, उजव्या हाताने खेळतो, पळायला एकदम फास्ट. गेम सुरू झाला की पुढच्या बंकरपर्यंत (आड लपायचा कापडी अडथळा) बहुतेक वेळा सुखरूप पोचतो, पण तिथे पोचल्यावर एकदोनदा डोकावला की अंगावर रंगाचा बॉल फुटतो आणि आऊट. त्याचं म्हणणं असं की समोरचे आधीच बंकरच्या कडेवर नेम धरून फायर करत बसलेले असतात, मी काय करणार. कॅप्टनचं म्हणणं की तू दरवेळी एकाच जागेतून, एकाच उंचीवर बाहेर येतोस. हा वाद बरेच दिवस चालला आणि शेवटी ठरलं की अ‍ॅक्शन कॅमेरा लावून बघू, जे दिसेल ते खरं. कॅमेरा लावायचं काम माझ्याकडे आलं. खाली ते सगळं सविस्तर लिहितोय कारण "कॅमेरा कुठे लावू" हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर म्हणून फक्त माऊंटची (कॅमेरा बसवायच्या क्लॅम्प-पट्ट्यांची) नावं मिळतात, त्या व्हिडिओतून तुम्हाला नेमकं काय बघायचंय हे कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते सगळं त्यावरच ठरतं.

आधी कॅमेऱ्यावर काय येऊन आदळणार आहे ते बघू. नेहमीचा बॉल ०.६८ कॅलिबरचा, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर जाडीचा, वजन ३ ग्रॅमच्या आसपास, बाहेर जिलेटिनचं कवच आणि आत पाण्याने धुतला जाणारा रंग. बऱ्याच मैदानांवर वेगाची मर्यादा सेकंदाला ३०० फूट असते, म्हणजे ९१ मीटर, इनडोअरला त्याहून कमी ठेवतात. हिशोब केला तर बॅरलमधून (गनच्या नळीतून) निघताना बॉलमध्ये १२ जूलच्या आसपास ऊर्जा असते. कॅमेऱ्याची बॉडी सहसा हे सहन करते, पण पुढची काच फुटू शकते आणि कमजोर माऊंट तर जागेवरून उडतो. दुसरी गोष्ट म्हणजे बहुतेक ठिकाणी अंगावरच्या सामानावर बॉल फुटला तरी आऊट धरतात, आणि कॅमेरा हे सामानच आहे. म्हणजे कॅमेरा जेवढा बाहेर काढाल तेवढं तुम्ही समोरच्याला टार्गेट मोठं करून देताय. फ्रंट प्लेयरसाठी हे फार महत्त्वाचं आहे कारण त्याचा सगळा खेळच चारपाच सेंटिमीटरचा असतो.

आणि मास्कबद्दल एक गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी ठरवली, की मास्कला भोक पाडायचं नाही आणि त्याच्या लेन्सला काहीही चिकटवायचं नाही. पेंटबॉलच्या मास्कसाठी एएसटीएम एफ१७७६ हे वेगळं स्टँडर्ड आहे, आणि मास्क त्यात पास झालेला असतो तो जसा बनवलाय तसा. लेन्स पॉलिकार्बोनेटची असते, काही गोंद आणि सॉल्व्हंट त्या प्लॅस्टिकला आतून कमजोर करतात आणि बाहेरून काही दिसतही नाही. डोळ्यांचा प्रश्न आहे, इथे जुगाड नको.

पहिला प्रयोग: मार्करवर

प्लेयरची इच्छा हीच होती, मार्करवर म्हणजे पेंटबॉलच्या गनवर लावू, कारण बघितलेले सगळे भारी व्हिडिओ तसेच असतात. त्याच्याकडे टुर्नामेंट टाईपचा मार्कर आहे, त्याला रेल (सामान अडकवायची पट्टी) नाही, वर मधोमध हॉपर (बॉलचा डबा) बसलेला, त्यामुळे कॅमेऱ्याला जागा उरते ती बॅरलवर क्लॅम्प लावून बाजूला. आता १५० ग्रॅमचा कॅमेरा (हिरो १२ घ्या, तो १५४ ग्रॅम आहे) हातात काहीच वाटत नाही पण तोच बॅरलच्या टोकाकडे गेला की मार्करचं नाक जड होतं आणि झटकन बाहेर येऊन, दोन बॉल मारून आत जाताना मार्कर नेमाच्या पुढे सरकून मग परत येतो. शिवाय बॅरल आट्यांवर बसलेलं असतं, एका बाजूला वजन लटकलं की ते हळूहळू फिरतं आणि अर्ध्या गेमनंतर व्हिडिओ तिरका. रेल असलेल्या मार्करवर हा त्रास बराच कमी होतो, कारण रेल बॉडीला पक्की असते.

अजून एक, जे खरं तर सगळ्यात आधी बघायला हवं: क्लॅम्प लावल्यावर बॅरल स्लीव्ह (नळीच्या तोंडावर चढवायचं सुरक्षेचं आवरण) नीट चढतं का. मैदानाबाहेर येताना स्लीव्ह चढवावंच लागतं आणि त्याची दोरी मागे मार्करला अडकवायची असते, कॅमेरा मध्ये आला तर ती नीट ताणली जात नाही. असं असेल तर तो माऊंट रद्द, व्हिडिओ कितीही छान येऊ दे.

बरं, व्हिडिओत काय आलं? पळताना जमीन आणि आकाश, बंकरमागे बसल्यावर बंकरचं कापड, मग अचानक झटका, एक क्षण मैदान, परत कापड. कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन तो झटका गुळगुळीत करायला बघतं, त्यामुळे बॅरल जिथे रोखलंय आणि फ्रेमचा मध्य जिथे दिसतोय त्यात फरक पडतो, म्हणजे नेम तपासायला पण तो व्हिडिओ धड राहत नाही, तपासायचाच असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करा. बंद केलं की फायरिंगचा धक्का लागून चित्र जेलीसारखं हलतं, मेकॅनिकल ब्लोबॅक मार्करला जास्त, इलेक्ट्रॉनिकला कमी.

आणि बॉल दिसतच नाही म्हणून लोक नाराज होतात त्याचं कारण साधं आहे. समजा कॅमेऱ्याचा आडवा अँगल ९० अंश आहे, तर २० मीटरवर फ्रेममध्ये ४० मीटर रुंदी मावते. ४के मध्ये आडवे ३८४० पिक्सेल, म्हणजे मीटरला ९६, म्हणजे १७ मिलिमीटरचा बॉल जेमतेम दीड पिक्सेलचा. फुल एचडीत तर एक पिक्सेलपण नाही! वाईड अँगलवर ठेवला तर अजून बारीक. म्हणून ज्यांना फक्त बॉल जाऊन कुठे लागला हे दाखवायचंय ते अरुंद अँगलचा, लांब लेन्सचा वेगळा स्कोप कॅमेरा वापरतात. अँगल १० अंश धरला तर २० मीटरवर फक्त साडेतीन मीटर दिसतं आणि तोच बॉल फुल एचडीतही नऊदहा पिक्सेलचा होतो. लांबून शांतपणे नेम धरून खेळणाऱ्यासाठी मार्करवरचा असा कॅमेरा खरंच उत्तम आहे. आमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नव्हता, कारण प्रश्न होता "मला का लागतं", "माझा बॉल कुठे लागतो" हा नव्हताच.

छाती

छातीच्या पट्ट्याचं थोडक्यात सांगतो. कॅमेरा सुरक्षित राहतो, हलत कमी, पण मार्कर खांद्याशी धरला की दोन्ही हात बरोबर कॅमेऱ्यासमोर येतात आणि शरीर तिरकं असतं, त्यामुळे छाती बघते एकीकडे आणि माणूस फायर करतो दुसरीकडे. गुडघ्यावर बसून बंकरला चिकटलं की लेन्स बंकरवर टेकलेली, पोटावर झोपलं की मातीत, आणि खाली दगड असेल तर तो कॅमेरा छातीत रुततो ते वेगळंच. पण एक फायदा झाला, हाताचं काम फार छान दिसलं. पॉडमधून (जादा बॉलच्या डबीतून) हॉपर भरताना तो मार्कर पूर्ण खाली आणतो आणि मान पण खाली घालतो हे कळलं. रीलोड सुधारायचा असेल तर सरावात छातीवर कॅमेरा लावून बघाच, गेममध्ये नको.

मास्कच्या डोक्यावर

मग मास्कच्या वर. इथे मी जरा जास्त थांबतो कारण बहुतेक लोक हेच करतात आणि दिसायला सगळं बरोबर वाटतं. मान फिरेल तसा कॅमेरा फिरतो, चित्र सरळ येतं, अडथळा काही नाही.

अडचण एक म्हणजे उंची. कॅमेरा स्वतः ५ सेंटिमीटर, खाली माऊंट आणि जॉइंट, म्हणजे मास्कच्या वर सात-आठ सेंटिमीटरचा ठोकळा उभा. बंकरच्या वरून बघायला गेलं की डोळ्यांच्या आधी कॅमेरा वर येतो आणि समोरच्याला फुकटचा इशारा मिळतो. आमचा प्लेयर असा थेट कॅमेऱ्यावर बॉल खाऊन आऊट झाला.

दुसरी अडचण मला त्याहून मोठी वाटते. लेन्स डोळ्यांपेक्षा दहाबारा सेंटिमीटर वर असते. म्हणजे बंकरच्या काठावरून कॅमेऱ्याला समोरचा माणूस दिसतोय तेव्हा प्लेयरला अजून कापडच दिसतंय! संध्याकाळी व्हिडिओ बघताना कॅप्टन म्हणाला, "अरे हा इथे स्पष्ट दिसतोय की, तू मारला का नाहीस?" आणि प्लेयर म्हणतो "दादा, मला दिसलाच नाही तो." आणि तो खरं बोलत होता. मी मास्क घालून त्याच जागी बसून बघितलं, त्या उंचीवर डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मौजमजेच्या व्हिडिओला याने काही बिघडत नाही, पण ज्या व्हिडिओवरून माणसाला बरोबर-चूक ठरवायचं आहे तो जर त्याला न दिसलेलं दाखवत असेल तर तो पुरावा म्हणून चालणारच नाही.

तिसरी गोष्ट सेफ्टीची. उंच माऊंटवर बॉल बसला किंवा तो बंकरला अडकला की सगळा जोर मास्कवर येतो आणि मास्क चेहऱ्यावरून सरकतो, फोमची पकड सुटते. त्यामुळे वर लावायचाच तर बुटका माऊंट आणि जोर पडला की स्वतःहून सुटणारा.

मास्कची बाजू, आणि कोणती बाजू

इथे कॅमेरा बदलला. मोठा ठोकळा कानाजवळ लटकवला तर मान एका बाजूला ओढते, म्हणून छोटा घेतला, इन्स्टा३६० गो ३ च्या जातीचा, ३५ ग्रॅमचा. डीजेआय अ‍ॅक्शन २ चं मुख्य युनिट ५६ ग्रॅमचं आहे, तेही चाललं असतं. डोळ्यांच्या जवळपास समांतर उंचीवर, स्ट्रॅप जिथे फ्रेमला जोडला जातो त्याच्या जरा पुढे, फ्रेमच्या कडक भागावर. मास्कची लेन्स काढायच्या क्लिपवर कॅमेरा येऊ द्यायचा नाही, नाहीतर ती लेन्स साफ करायला दरवेळी माऊंट उखडावा लागतो.

डावी की उजवी? प्लेयर उजव्या हाताचा, फायर करताना डोकं उजवीकडे झुकतं, गाल मार्करजवळ येतो, हॉपर त्याच बाजूला, म्हणून उजवीकडे लावला तर अर्ध्या फ्रेममध्ये हॉपर. डावीकडे मोकळं. पण हे एवढ्यावर संपत नाही, बंकरच्या कुठल्या कडेने तो बाहेर येतो तेही बघावं लागतं. उजव्या कडेने बाहेर आला तर डावीकडचा कॅमेरा बंकरच्या आड राहतो, त्याला बॉल लागत नाही, पण फ्रेममध्ये डावीकडे बंकरची कड येते. डाव्या कडेने आला तर उलट, चित्र मस्त मोकळं पण कॅमेरा सगळ्यात आधी बाहेर. आमचा हा जास्त करून उजव्या कडेने खेळतो म्हणून डावी बाजू ठरली, थोडं कापड दिसलं तर दिसू दे, उलट डोकं किती बाहेर आलंय याचा अंदाज त्याच कडेवरून येतो.

कॅमेऱ्याचा कोन बसवताना त्याला सरळ उभं करून बसवायचा नाही. त्याला गुडघ्यावर बसवलं, मार्कर खांद्याला, गाल जागेवर, आणि त्या पोझिशनमध्ये क्षितिज सरळ येईल असा कॅमेरा फिरवला. चालताना व्हिडिओ तिरका येतो पण चालताना बघायचं काय आहे.

चिकटवण्याबद्दल: माऊंटखालचा फोम टेप (थ्रीएम व्हीएचबी प्रकारचा) लावल्यावर २० मिनिटांत निम्मीच पकड धरतो, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. गेमच्या सकाळी पार्किंगमध्ये चिकटवलेला माऊंट दुपारी गवतात सापडतो तो यामुळेच. फ्रेम आधी साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर टेप कडेने सुटत जातो, तिथे स्ट्रॅपवरची क्लिप बरी. आणि एक आखूड दोरी मास्कच्या स्ट्रॅपला बांधलेली हवीच, गळ्यात मात्र अडकवायची नाही. कॅमेरा पडला म्हणून मैदानात कोणी मास्क वर करून शोधायला लागला तर तो कॅमेरा वापरायच्या लायकीचा नाही असं मी धरतो.

सेटिंग: सेकंदाला ६० फ्रेम, बीप बंद, लाईट बंद. बीपचं खास सांगतोय, रेकॉर्डिंग चालू-बंद होताना टूं टूं वाजतं आणि बंकरच्या मागे कोण आहे ते सगळ्यांना कळतं. एका बटणाने चालू होणारं सेटिंग ठेवा, ग्लोव्ह्ज घालून टचस्क्रीन चालत नाही.

या व्हिडिओतून पहिली कामाची गोष्ट मिळाली. तो बाहेर येण्याआधी फक्त समोरच्या एका बंकरकडे बघतो. मैदानाच्या मध्यावर एकजण उभा असतो, त्याच्याकडे मान वळतच नाही, आणि बऱ्याच वेळा त्याला लागायचं ते मध्यातूनच. एवढं कळलं, पण वाद मिटला नाही. कारण अंगावरच्या कुठल्याही कॅमेऱ्यात स्वतःचं अंग दिसत नाही ना! तो म्हणायचा मी नीट आतच असतो, आणि हे खोडायला कुठल्याच फ्रेममध्ये काही नव्हतं.

मग कॅमेरा समोर ठेवला

म्हणून सरावात दुसरा कॅमेरा त्याच्या अंगावर न लावता विरुद्ध बाजूला ठेवला, म्हणजे जो माणूस त्याला मारतो त्याच्या डोळ्यांच्या जागी. बुटका ट्रायपॉड, समोरच्या बंकरच्या कडेला, पुढे पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक तुकडा. साधी काच किंवा टेम्पर्ड ग्लासचं कव्हर नको, ते तडकतं. तुकडा लेन्सच्या जितका जवळ तितकं प्रतिबिंब कमी. १२० फ्रेम ठेवले, शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, तरी बॉल निघतानाच्या वेगाने एका फ्रेममध्ये पाऊण मीटर जातो, त्यामुळे बॉल बघायची अपेक्षा ठेवायची नाही, माणूस बघायचा. खऱ्या गेममध्ये ट्रायपॉड मैदानात ठेवू नका, उडी मारून येणारा त्यावर पडतो. तेव्हा जाळीबाहेरून घ्यायचं आणि लेन्स जाळीच्या एका भोकाला टेकवायची, कारण अ‍ॅक्शन कॅमेऱ्यात जवळचं-लांबचं सगळंच फोकसमध्ये असतं आणि दोन फूट मागे ठेवला की जाळी अगदी ठळक येते.

दोन्ही रेकॉर्डिंग जुळवायला सुरवातीला जोरात एक टाळी वाजवली, त्या आवाजावर दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावल्या. आणि मग सगळं दिसलं. उजवीकडून बाहेर येताना आधी हॉपर येतो, मग उजवं कोपर, जे तो बाहेर फाकवून धरतो, आणि मग जवळपास अर्ध्या सेकंदाने मास्क. आता २० मीटरवरून बॉल यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, समोरच्याने हॉपर बघून ट्रिगर दाबायला उरलेला पाव सेकंद पुरतो, म्हणजे याचे डोळे बाहेर यायच्या वेळी बॉल तिथे हजर. खुणा पण तेच सांगत होत्या, त्याच्या अंगावर रंग बहुतेक वेळा हॉपरवर किंवा कोपरावर असायचा, फक्त तोपर्यंत कोणी मोजलं नव्हतं.

कॅप्टनचं म्हणणं अर्धं बरोबर निघालं. जागा एकच होती, हे खरं, पण तीच जागा बदलली असती तरी कोपर आधी बाहेर येतच राहिलं असतं. आणि प्लेयरचंही अर्धं खरं, मधला माणूस खरंच त्या कडेवर नजर लावून बसलेला होता. व्हिडिओ बघताना प्लेयर गप्प झाला, परत मागे घेऊन बघितलं, आणि "कोपर, कोपर" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तो सराव कोपर आत घेऊन, मार्कर आणि डोकं एकत्र बाहेर काढायचा करतोय, आणि बाहेर येण्याआधी एकदा मध्याकडे बघतो. अजून आऊट होतो, पण आता बंकरमध्ये जास्त वेळ टिकतो आणि कशाने आऊट झालो हे त्याला स्वतःला सांगता येतं, मला यात फार समाधान आहे.

सध्या गेममध्ये डाव्या बाजूचा छोटा कॅमेरा चालू ठेवतो, आणि महत्त्वाच्या सरावाला समोरचा. मास्कवरच्या कॅमेऱ्याला पण वर पॉलिकार्बोनेटचं छोटं कव्हर आहे, ओरखडे पडले की बदलतो. रंग उडाला तर कापडाने कोरडा घासायचा नाही, कवचाचे बारीक तुकडे त्यात असतात आणि ते लेन्सवर चरे पाडतात, आधी पाणी ओतायचं, मग मऊ कापड. नवीन मैदानावर गेलो की आधी रेफ्रीला कॅमेरा आणि दोरी दाखवतो आणि समोरच्या टीमला रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगतो, लहान मुलं खेळत असतील तर त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय काहीच अपलोड करत नाही.

आता टीममधल्या बॅक प्लेयरने पण विचारलंय की मला कुठे लावू. तो मागे उभा राहून खेळतो, बंकर उंच, वरून डोकवायची वेळ येत नाही, आणि त्याला बघायचंय की त्याची फायरिंगची लेन (ज्या रेषेत तो सतत बॉल मारत राहतो) पळणाऱ्याच्या पुढे पडते की मागे. त्याला मी मार्करवर, अरुंद अँगलचा, रेलवर पक्का बसवलेला कॅमेरा सांगितलाय, स्टॅबिलायझेशन बंद करून.